एका जड शब्दाचं कूळ

आत्याच्या केसपेपरवर डॉक्टरांनी तळाशी दोन इंग्रजी शब्द लिहिले होते, 'ग्रीफ रिॲक्शन'. त्याआधी सगळ्या तपासण्या होऊन गेल्या होत्या. थायरॉइड ठीक, साखर आवाक्यात, हिमोग्लोबिन किंचित कमी पण काळजीचं नाही, इसीजी स्वच्छ. आतोबा गेल्यापासून आत्याचं सांगणं एकच होतं: अंग जड झालंय. सकाळी उठायला गेलं की कुणी छातीवर बसलंय असं वाटतं, लाटणं धरलं की मनगट खाली जातं, देवापुढे बसलं की परत उठवत नाही. "दुखत नाही गं कुठे," ती म्हणायची, "नुसतं जड." डॉक्टर भले होते. घाई न करता त्यांनी सगळं ऐकून घेतलं, झोपेची एक हलकी गोळी दिली, रोज थोडं चालायला सांगितलं. बाहेर साताऱ्याच्या टळटळीत उन्हात रिक्षाची वाट बघताना आत्याने कागद माझ्या हातात दिला. "काय लिहिलंय गं खाली?" मी म्हटलं, "दुःखामुळे होतंय, असं लिहिलंय." ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दुःख आहे ते मला ठाऊक आहे की. जड का वाटतंय, ते लिहिलंय का?"

रिक्षा आली, गोडोलीच्या चढावर ती कण्हत राहिली, घरी गेल्यावर आत्या कॉटवर आडवी झाली आणि विषय तिथेच थांबला. मला मात्र त्या प्रश्नाने धरून ठेवलं. शब्द उकलून बघायची सवय मला बाबांनी लावली. बाबा शाळेत मराठी शिकवत. जेवताना एखादा शब्द आला की तो कुठून आला असेल यावर त्यांचं बोलणं सुरू व्हायचं आणि आमटी गार व्हायची. आत्या त्यांची धाकटी बहीण, त्यामुळे तिलाही ते सगळं तोंडपाठ होतं. त्या रात्री ती झोपल्यावर मी 'ग्रीफ' हा शब्द उकलायला घेतला. काहीतरी दमट, अश्रूंशी नातं सांगणारं मूळ निघेल अशी माझी अपेक्षा होती. निघालं ते वजन.

हा शब्द इंग्रजीत आला तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, फ्रेंचमधून. १०६६ नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांचं राज्य आलं आणि त्यांच्याबरोबर जे शेकडो शब्द आले, त्यांतला हा एक. दुःखाला इंग्रजांकडे तोवर शब्द नव्हता असं नाही. 'सॉरो' त्यांचा घरचा, 'मोर्न'ही घरचा. फ्रेंचमधून आलेला 'ग्रीफ' सुरुवातीला मनातल्या दुःखाचा नव्हताच. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ अन्याय, नुकसान, कुणीतरी कुणावर लादलेला जाच. क्रियापद होतं 'ग्रेव्हे', म्हणजे ओझं घालणं, पिळणं. तेच ओझं 'ग्रीव्हन्स' या शब्दात अजून आहे. आतोबांच्या फॅमिली पेन्शनच्या कागदांसाठी आम्ही ज्या कचेरीत खेटे घालत होतो, तिथे भिंतीवर 'तक्रार निवारण कक्ष' अशी पाटी होती आणि खाली इंग्रजीत हाच शब्द. त्या पाटीखालच्या बाकावर माझ्याबरोबर बसलेल्या बहुतेक बायका नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आल्या होत्या. एकाच शब्दाची दोन्ही पोरं एका बाकावर येऊन बसली आहेत, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

मग हळूहळू हे लादलेलं ओझं शरीरात शिरलं. ग्रीफ म्हणजे आजार, इजा, शरीराची वेदना. शेक्सपिअरच्या काळापर्यंत हा अर्थ जिवंत होता. 'चौथा हेन्री'च्या पहिल्या भागात लढाईच्या तोंडावर फॉल्स्टाफ स्वतःलाच विचारतो की अब्रू तुटलेला पाय जोडून देते का, हात जोडून देते का, जखमेची वेदना काढून घेते का. त्या वेदनेसाठी त्याच्या तोंडी शब्द आहे ग्रीफ. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात दुःखी सेवकाचं वर्णन येतं, तो ग्रीफशी परिचित असलेला माणूस आहे असं. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ आजारपण, आणि आपल्या मराठी बायबलात त्या जागी 'व्याधींशी परिचित' असंच आहे. मनाचा अर्थही शेजारीच वाढत होता आणि शेवटी तोच उरला. म्हणजे आत्याच्या कागदावर तो शब्द मनाचा म्हणून लिहिला गेला खरा, पण त्याचं अर्धं आयुष्य शरीरात गेलेलं आहे. आत्या ज्या मनगटाबद्दल बोलत होती, ते मनगट त्या शब्दाला ओळखीचं आहे.

फ्रेंचच्या मागे लॅटिन. लॅटिनमध्ये 'ग्राविस' म्हणजे जड. तिथून इंग्रजीत कितीतरी शब्द आले. ग्रॅव्हिटी त्यातलाच, आणि तो आधी माणसाच्या भारदस्तपणासाठी वापरला जाई, मग सतराव्या शतकात पदार्थाच्या वजनासाठी आणि पृथ्वीच्या ओढीसाठी. पुष्कळांना वाटतं की थडगं या अर्थाचा 'ग्रेव्ह'ही याच घरातला असेल. तो नाही. तो खणणं या अर्थाच्या जुन्या जर्मॅनिक धातूतून आला आहे. ऐकायला जुळे, पण आईबाप वेगळे.

आणि मग लॅटिनच्या मागे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना सर विल्यम जोन्स यांनी म्हटलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं असू शकत नाही, त्या कुठल्यातरी एकाच, बहुधा आता नाहीशा झालेल्या, भाषेतून निघाल्या असल्या पाहिजेत. त्यानंतरच्या दोन शतकांत अभ्यासकांनी त्या हरवलेल्या भाषेचे धातू जुळवत आणले. त्यांतला जडपणाचा धातू लॅटिनमध्ये ग्राविस झाला. ग्रीकमध्ये तो 'बारुस' झाला, त्यातून हवेचं वजन मोजणारा बॅरोमीटर आला, आणि पोटाच्या एक्स-रेआधी प्यायला लावतात ते बेरियमही. संस्कृतात तो झाला 'गुरु'.

ग्रीफ आणि गुरू सख्खे भाऊ आहेत.

मी हे वाचून खुर्चीतून उठले आणि अंधारात ओट्यापाशी जाऊन पाणी प्याले. लहानपणापासून आपल्याला 'गुरु' शब्दाची फोड अंधार घालवणारा अशी सांगतात, गु म्हणजे अंधार आणि रु म्हणजे तो दूर करणारा. ती फोड मला प्रिय आहे, गुरुपौर्णिमेला ती ऐकताना अजूनही बरं वाटतं. पण शब्दाचा जुना अर्थ साधा आहे: जड. ज्याच्या शब्दाला वजन आहे तो गुरू. गौरव म्हणजेही मुळात जडपणाच. आयुर्वेदात आजही अंगगौरव म्हटलं की सत्कार नव्हे, अंग जड होणं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात द्रव्यांचे वीस गुण सांगितलेत, त्यांत पहिला गुरू. आणि संस्कृतात गरोदर बाईला गुर्विणी म्हणतात, लॅटिनमध्ये ग्राविदा. दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता त्याच धातूने तिचं वर्णन केलं. येणाऱ्या जिवाचं ओझं आणि गेलेल्या जिवाचं ओझं एकाच शब्दाच्या पोटी आहे, हे कळल्यावर मला तिथे थोडा वेळ थांबावंसं वाटलं.

आत्याचा शब्द मात्र 'जड' होता आणि तो या घराण्यातला नाही. संस्कृतात जड म्हणजे आधी गारठलेला, बधिर, न हलणारा. जडभरत आठवा. वजनाचा अर्थ त्याला मराठीत नंतर घट्ट चिकटला. तेव्हा आत्या एका शब्दात दोन गोष्टी सांगत होती, की काहीतरी वर येऊन बसलंय आणि आतलं काहीतरी गोठलंय. कागदावरच्या इंग्रजी शब्दात यातली पहिलीच होती.

बाबांचं वृत्तं शिकवणं आठवतं. फळ्यावर ओळ, तिच्या डोक्यावर खुणा: लघूला अर्धचंद्र, गुरूला आडवी रेघ. यमाताराजभानसलगाम्. आम्ही मुलं घोकायचो, ल म्हणजे लघू, ग म्हणजे गुरू, लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. बाबा टेबलावर बोटांनी वाजवून दाखवायचे. लघूला टिचकी, गुरूला तळवा. लघू म्हणजे हलका, हे मला माहीत होतं. जे त्या रात्री कळलं ते असं की लॅटिनमध्ये हलक्याला 'लेविस' म्हणतात आणि तो आपल्या लघूचाच भाऊ आहे. ग्राविस आणि लेविस, गुरू आणि लघू, ही जोडी जशीच्या तशी दोन्हीकडे आहे. पुढे रोममधल्या साध्या लोकांच्या बोलीत एक गंमतीची गोष्ट घडली. ग्राविस आणि लेविस नेहमी जोडीने बोलले जात, म्हणून जडाने हलक्याचा स्वर उचलला आणि ग्राविसचं ग्रेविस झालं. फ्रेंच ग्रीफमधला तो स्वर तिथून आला. दुःखाच्या या शब्दाच्या पोटात त्याच्या विरुद्धार्थी शब्दाचा आवाज आहे. आणि लेविसपासून लॅटिनमध्ये उचलण्याचं क्रियापद झालं, त्याला 'पुन्हा'चा उपसर्ग लागला, आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आला 'रिलीफ'. इंग्रजीत ग्रीफ आणि रिलीफ यांचं यमक जुळतं ते कवींच्या सोयीसाठी नव्हे. ते दोघं एका जुन्या जोडीतले आहेत, गुरू आणि लघू. बाबा असते तर त्यांनी टेबलावर वाजवून दाखवलं असतं.

बाबा गेले तेव्हाचं सगळं मला सलग आठवत नाही, तुकड्यातुकड्यांनी आठवतं. अंगणातला ओल्या बांबूचा आणि सुतळीचा वास. मडक्यातला विस्तव. कुणीतरी चुलत्यांना म्हणत होतं, "उजवीकडून धरा, बूड जड असतं." दारापर्यंत आम्ही बायका गेलो आणि उंबऱ्यापाशी थांबलो. तेव्हा आमच्यात मुलींनी खांदा द्यायची पद्धत नव्हती, स्मशानात जायचीही नव्हती. कुणी अडवलं नाही, कारण कुणी पुढे होईल असं कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही आलं नाही, आलं ते फार उशिरा. भाऊ, चुलते, शाळेतले शिपाईमामा, शेजारचे काका, सगळे आलटून पालटून खांदा बदलत गेले. वाटेत विसाव्याला तिरडी टेकवली असणार, मग पुन्हा उचलली असणार. संध्याकाळी मंडळी परत आली. भावाच्या सदऱ्यावर खांद्यापाशी बांबूचा डाग होता आणि खाली कातडी सोलवटली होती. तो ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि एकदम रडला, मोठ्याने, सगळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी तो बोलत होता, फोन घेत होता, पिठलं-भाताचा डबा घेऊन आलेल्या शेजारणीला आत बोलावत होता. आम्हाला मात्र कितीतरी दिवस हातपाय उचलवत नव्हते. आईला, मला आणि आत्याला. 'दादा गेला' एवढंच आत्या म्हणायची आणि तांदूळ निवडायला घेतलेलं ताट तसंच मांडीवर ठेवून बसायची.

पुरुषांना दुःख कमी झालं असं मला म्हणायचं नाही. भावाला कसल्या रात्री काढाव्या लागल्या ते पुढे त्यानेच सांगितलं. पण त्याच्या वाट्याला ते वजन एकदा खऱ्या अर्थाने आलं. किलोत मोजता येईल असं, खांद्याला खुपणारं, थोडं चालल्यावर दुसऱ्याला देता येणारं, विसाव्यावर टेकवता येणारं. आमच्या वाट्याला ते आलंच नाही, म्हणून ते उतरलंही नाही. इंग्रजीत तिरडीला 'बीअर' म्हणतात, तो शब्द वाहून नेणे या अर्थाच्या 'बेअर'मधून आला आणि आपला 'भार' त्याच धातूचा. त्या भाषांनी प्रेत नेण्याच्या साधनाला नुसतं 'वाहायचं' असं नाव दिलं. आता आमच्याकडेही मुली खांदा देतात. आतोबांना माझ्या आत्येबहिणीने दिला, तिच्या ओढणीवर हिरवट डाग पडला होता. मी तिच्या मागे चालत होते. मला त्या दिवशी बाबांसाठी वाईट वाटलं, आणि आत्येबहिणीसाठी एक प्रकारचं समाधानही. दोन्ही एकदम वाटलं आणि दोन्ही खरं होतं.

आपल्याकडे दुःखाचा मुख्य शब्द वजनाचा नाही. शोक हा 'शुच्' धातूतून आला आहे, आणि शुच् म्हणजे जळणं, तळपणं. वेदात शोक म्हणजे ज्वाळाही. म्हणून आपण म्हणतो जीव जळतो, काळीज पोळतं, आतून आग होते. विषादाची गोष्ट वेगळी, त्यात 'सद्' आहे, खाली बसणं, खचणं. गीतेत अर्जुन सांगतो की माझी गात्रं खचताहेत, सीदन्ति मम गात्राणि, आणि शेवटी तो खरोखरच रथात खाली बसतो. अवयवांचं खचणं तो आधी सांगतो, तत्त्वज्ञानाचे प्रश्न नंतर. इंग्रजीतल्या 'सॅड'चा मात्र या सद्शी काही संबंध नाही, उच्चार सारखा असला तरी. सॅड म्हणजे मुळात पोट भरलेला, तृप्त. जर्मनमध्ये त्याचा भाऊ अजून त्याच अर्थाने जेवणाच्या टेबलावर आहे. इंग्रजीत तृप्ताचा झाला भरीव, भरिवाचा जड, जडाचा गंभीर आणि गंभीराचा उदास. न फुगलेल्या पावाला तिकडच्या बोलीत सॅड म्हणत. कपड्यांच्या भरीव लोखंडी इस्त्रीचं नाव 'सॅड आयर्न'. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मेरी फ्लॉरेन्स पॉट्स या तरुण बाईने १८७१ साली अशा इस्त्रीला काढता-घालता येणारी लाकडी मूठ लावून तिचं पेटंट घेतलं. जड तर ती राहणारच होती, निदान हात तरी पोळू नये.

पण जडपणा आपल्या कवितेत नाही असं नाही. मेघदूताची पहिलीच ओळ बघा: कश्चित्कान्ताविरहगुरुणा. यक्षाला मिळालेला शाप प्रियेच्या विरहाने 'गुरु' झालेला आहे. शाप वर्षभराचा आहे, अवधी ठरलेला आहे, त्याला वजन आलं ते विरहाने. बाबा हे मंदाक्रांता वृत्त शिकवताना फळ्यावर हीच ओळ लिहीत. सुरुवातीला चार गुरू, मग पाच लघू. तळवा तळवा तळवा तळवा, आणि मग टिचक्यांची रांग. कश्-चित्-कान्-ता हे चार जड पाऊल, आणि वि-र-ह-गु-रु हे पाच हलके. जगातलं सगळं ओझं ज्या शब्दात आहे तो 'गुरु' शब्द उच्चारायला दोन लघू आहे, आणि कालिदासाने तो नेमका त्या हलक्या पाचांत बसवला आहे. हे बाबांनी दाखवलं होतं की माझं मलाच त्या रात्री दिसलं, हे आता सांगता येणार नाही. मी ते स्वयंपाकघराच्या टेबलावर बोटांनी वाजवून पाहिलं, आत्याची झोप मोडणार नाही इतक्या हळू.

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं ते मात्र कवितेत नाही. कणादाच्या वैशेषिकसूत्रांत, म्हणजे पदार्थ आणि त्यांचे गुण उकलणाऱ्या जुन्या संस्कृत ग्रंथात, पाचव्या अध्यायाची सुरुवात हाताने उचललेल्या मुसळापासून होते. हात कसा हलतो, हाताला धरून मुसळ कसं हलतं, याचा विचार आहे. थोडं पुढे एक सूत्र येतं: संयोगाभावे गुरुत्वात् पतनम्. संयोग नसला की गुरुत्वामुळे पडणं होतं. मुसळाचं वजन हातात असतानाही तेवढंच होतं आणि सुटल्यावरही तेवढंच आहे. फरक एवढाच की आता धरणारं कुणी नाही. मी हे वाचलं आणि आत्याचा संसार डोळ्यांपुढे आला. पहाटे आतोबा चहा टाकायचे, आत्या केर काढायची. त्यांनी पेपर वाचून दाखवायचा, तिने भाजी निवडायची. रात्री दाराची कडी त्यांनी लावायची, गॅस तिने बघायचा. आत्याचं अंग तेव्हाही तेवढ्याच वजनाचं होतं, पण ते तिला कधी उचलावं लागलं नाही. अर्धं त्यांच्या हातात होतं. आता रोज सकाळी तिला ते सगळं एकटीने उचलायला लागतं, आणि तिला ते नवं वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला हे सांगितलं. ग्रीफ, गुरू, मुसळ, सगळं. आत्याने नीट ऐकलं. मुसळाचं तिला पटलं, कारण तिने लहानपणी कांडलेलं आहे. "सुटलं की पायावरच येतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "दादाला आवडलं असतं हे." त्या दिवशी ती आपणहून गच्चीवर आली आणि वाळत घातलेल्या कुरडया उलटून गेली. याचा अर्थ काही बदललं असा मी लावला नाही. आजही तिचं जड आहे, काही दिवस जास्त, काही दिवस कमी.

मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानग्रंथाची सुधारलेली आवृत्ती काढली आणि तिच्यात 'प्रोलाँग्ड ग्रीफ डिसऑर्डर' हा नवा विकार घातला. मोठ्या माणसाचं दुःख बारा महिन्यांनंतरही तितक्याच तीव्रतेने रोजचं जगणं अडवत असेल, तर ते या नावाखाली येऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ही मुदत सहा महिन्यांची आहे. मला हे वाचून आधी राग आला. दुःखाला कॅलेंडर लावणारे हे कोण? नंतर राग थोडा ओसरला. वर्षांमागून वर्षं खोलीतून बाहेर न पडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना मदत मिळायची तर कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मला कळतं. आपल्या वाडवडिलांनीही रेघा ओढल्या होत्याच: दहावा, तेरावा, मासिक, वर्षश्राद्ध. वर्षश्राद्धाला पंगत उठते, नातेवाईक परततात, रेशमी साड्या कपाटातून बाहेर निघतात. पण त्या रेघा घरच्यांना सांगतात की आता यांना पुन्हा लग्नकार्याला बोलवा. आत्याने आता बरं झालंच पाहिजे, असं त्या म्हणत नाहीत. माझा आक्षेप एवढाच आहे की तपासणीच्या खोलीत बारा महिने मोजले जातात आणि विसाव्याची जागा मात्र कुणी ठेवत नाही. टेकवून पुन्हा उचलायला दिलं, चारजणांत वाटून घेतलं, तर वर्षानुवर्षं वाहता येतं. आत्याकडे समाचाराला येणारी माणसं महिन्याभरात थांबली. खरं काम त्यानंतर होतं.

रिलीफ या शब्दाचा एक अर्थ आपल्याकडच्या कलाशिक्षकांना रोजचा आहे: उठावशिल्प. तोही त्याच 'पुन्हा उचलणे'मधून, इटालियन वाटेने आला. वेरूळला कैलास लेण्यात दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतो तो प्रचंड देखावा आहे. बाबांनी आम्हा भावंडांना तो दाखवला होता तेव्हा मी वर शंकराकडे आणि त्याला बिलगलेल्या पार्वतीकडे बघत होते, मागे पळत सुटलेल्या दासीकडे बघत होते. खालच्या काळोखातल्या रावणाकडे माझं लक्ष बाबांनी वेधलं. डोंगर उचलायला गेला आणि वरून अंगठ्याचा दाब आला, हात खाली चिरडले गेले, आणि तो ओरडला. त्या ओरडण्यावरून, त्या रवावरून, त्याचं नाव रावण पडलं, असं उत्तरकांड सांगतं. तोवर तो दशग्रीव होता. वजनाखाली आल्यावर त्याला नाव मिळालं. पुढे मंत्र्यांच्या सल्ल्याने तो शंकराची स्तुती गाऊ लागतो आणि शंकर दाब काढून घेतो, हे आपल्याला माहीत असतं. मधली ओळ बहुतेक कीर्तनांत गळते. संवत्सरसहस्रं तु रुदतो रक्षसो गतम्. रडता रडता त्या राक्षसाची हजार वर्षं गेली. उत्तरकांडातलं कुणी त्याला लवकर आटप म्हणत नाही.